सुकाभाऊंच्या नावाची मूठ

सुकाभाऊ कुठल्याही खोलीत एकदम शिरत नसत. उंबऱ्याबाहेर थांबायचे, मान जराशी आत घालायचे आणि मोजायचे. खरंच मोजायचे, ओठ हलवून. मग मला विचारायचे, "अक्का, आत सात लोके शेत. बठ्ठा कामना शेत का?" म्हणजे आतली सातही माणसं कामाचीच आहेत ना, की उगाच उभी आहेत? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळची दहाची वेळ, रांग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली गेलेली, उकळत्या चिमट्यांची वाफ डोळ्यांत जातेय, आणि हा बारीक मिशीचा उंच माणूस दारात उभा राहून शिरगणती करतोय! "मोजून झालं असेल तर आत या," मी म्हटलं, "नाहीतर बाहेर जाऊन दवाखान्याच्या विटा मोजा." ते हसले, पण आत काही आले नाहीत. बरोबर आणलेल्या जखमी गड्याला त्यांनी पुढे ढकललं आणि आपण दारातच राहिले.

ही गोष्ट जळगावची, स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची. मी मूळची धुळ्याची. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. माझे वडील शहाणे. लेकीला कोपऱ्यात बसवून ठेवण्यापेक्षा त्यांनी मला नर्सिंगला घातलं. शिकून आले ती जळगावच्या एका वीस खाटांच्या दवाखान्यात लागले. त्याचं नाव घेत नाही, कारण तो आता नाही आणि त्यातली बरीच माणसंही नाहीत. माझी जीभ तेव्हाही तिखट होती. वॉर्डबॉय मला पाठीमागे 'मिरची' म्हणत, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

सुकाभाऊ केळीच्या कापणीचे मुकादम होते. गाव चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. हाताखाली दहा-बारा गडी. जळगावच्या एका मारवाडी व्यापाऱ्यासाठी ते बागा फिरत, घड उतरवत आणि मालधक्क्यावर वॅगनी भरून देत. घडाकडे एकदा बघून हा दिल्लीपर्यंत टिकेल की वाटेतच पिवळा पडेल ते सांगत, आणि शेठजी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. मालधक्क्याजवळ त्यांची एक खोली होती. तिथे त्यांची म्हातारी आई, तुळसामाय, वर्षातले सहा महिने भाकरी थापायला येऊन राहायची. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मानूसले नाव इचारो, गाव इचारो. बाकी इचारीसन काय करनं शे?"

कापणीचं काम कोयत्याचं, त्यामुळे बोटं तुटणं, पायावर घाव बसणं हे रोजचंच. त्यांचा गडी जखमी झाला की सुकाभाऊ त्याला बैलगाडीत घालून थेट आमच्याकडे आणत. वैदूचा लेप नाही, हळद-चुना नाही. टाके घालताना गडी ओरडायला लागला की दारातूनच आवाज यायचा, "बोट शे रे, केळं नही! तुटनं तं दुसरं येवाव नही. गुमान बस." गडी रडता रडता हसायचा आणि माझा टाका नीट पडायचा. गड्यांना ते नेहमी एकच गोष्ट बजावत: "घड झाडवर पिकाडू नही, नि दुखनं आंगवर काढू नही." मला ते वाक्य इतकं आवडलं की मीही रोग्यांना ऐकवायला लागले.

गड्यांपुरतंच नव्हे. एकदा डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई तापलेलं मूल घेऊन आली होती. तिला मराठी धड येत नव्हतं, आणि खिडकीवरचे महाजन भाऊसाहेब तिला तिसऱ्यांदा "नाव, गाव, वय" विचारून वैतागले होते. हे महाजन म्हणजे आमचे कारकून. माणूस वाईट नव्हे, पण वहीबाहेर जग आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. सुकाभाऊ पुढे झाले, बाईशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलले, महाजनांना नाव-गाव सांगितलं आणि केसपेपर तिच्या हातात दिला. मग मला म्हणाले, "अक्का, खिडकीवर मानूस हारी जास. दुखनं तं नंतर मारस." खिडकीशीच माणूस हरतो, दुखणं मारतं ते नंतर. तेव्हा मी फक्त मान डोलावली. मला वाटलं, मोठा अनुभवी माणूस आहे, बोलतोय काहीतरी शहाणपणाचं.

दोन वर्षांत त्यांनी निदान तीस-चाळीस माणसं आमच्याकडे आणली असतील. स्वतः मात्र कधी साधी डोकेदुखीची गोळीदेखील मागितली नाही. एकदा त्यांना हिवताप भरलेला मला दिसत होता, दात वाजत होते. मी म्हटलं, आत या, नाडी बघते. तर म्हणाले, "माले काही व्हत नही, अक्का," आणि थरथरत निघून गेले. मी कंपाउंडरला म्हटलं, "बघा, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!"

मग तो चैत्रातला दिवस आला. ऊन असं की व्हरांड्यातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. अकराच्या सुमाराला एक गाडी फाटकातून आत आली आणि गडी ओरडायला लागले, "अक्का! सिष्टर अक्का!" गाडीत केळीच्या पानांवर सुकाभाऊ मुटकुळं होऊन पडले होते. ओठ कोरडे, अंगाला गार घाम. आदल्या संध्याकाळपासून उलट्या होत होत्या आणि उजव्या जांघेत हात दाबून धरलेला होता, तो काढायला ते तयार नव्हते. गड्यांनी उचलून त्यांना तपासणीच्या टेबलावर ठेवलं.

डॉक्टरसाहेब आले. पुण्याकडचे, हाताला यश असलेले, पण घाईचे. त्यांनी बघूनच ओळखलं: अंतर्गळ, आतडं उतरून अडकलेलं. "धोतर सोडा," ते म्हणाले. सुकाभाऊंनी गाठ घट्ट धरली. डॉक्टर पुन्हा म्हणाले. सुकाभाऊंनी तशाही अवस्थेत मान उचलून खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, अकरा. अकरा लोके शेत. माले घर ली चला."

आणि मी काय म्हणाले ते लिहिताना आजही माझी मला लाज वाटते. माझ्या मागे चार ड्रेसिंग खोळंबली होती, डॉक्टर खेकसत होते. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अहो, लाजायला तुम्ही काय नवी नवरी आहात?" एक वॉर्डबॉय फिसकन हसला. सुकाभाऊंनी डोळे मिटून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन वर्षं ओळखत होते मी त्यांना. तो चेहरा त्यांनी मला कधी दाखवला नव्हता. रागावलेला माणूस मला कळतो, भ्यालेला माणूसही कळतो. हा माणूस मरायला तयार झालेला होता.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हटलं. वॉर्डबॉय, कंपाउंडर, गडी, दोन बघे, सगळे. डॉक्टरांनाही म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं द्या." ते म्हणाले, "बाई, दोन तासांत हे सोडवलं नाही तर आतडं काळं पडेल, मग मी काही करू शकणार नाही." "म्हणूनच पाच मिनिटं मागते," मी म्हटलं, आणि दाराला आतून कडी घातली.

त्या पाच मिनिटांत त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी त्यापूर्वी कुणाला सांगितलं नव्हतं. जन्माला आले तेव्हा सुईणीनं मुलगी झाली म्हणून सांगितलं. नाव ठेवलं यमुना. चौदा वर्षं लुगड्या-चोळीत वाढले. मग बरोबरीच्या मुली वयात आल्या आणि यमुनेचा मात्र आवाज फुटला, खांदे रुंदावले, ओठावर लव आली. बाप घाबरला आणि दूरच्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे त्या चौदा वर्षांच्या लेकराला कपडे उतरवून टेबलावर उभं केलं. डॉक्टर आले, त्यांनी दुसऱ्यांना बोलावलं, त्यांनी तिसऱ्यांना. एक जण छडीनं दाखवून इंग्रजीत बोलत होता. शिपाई दारातून डोकावत होते. "बाजारमा बैल देखतस ना अक्का, तसं देखं माले. दात तेवढा देखाना राहिनात." तास-दोन तासांनी कपडे परत दिले, आणि औषध? औषध काहीच नाही. 'असं असतं' एवढं सांगून घरी पाठवलं.

त्या दिवसानंतर सुकाभाऊंनी दवाखान्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. गावी गेल्यावर आईनं केस कापले, धोतर नेसवलं, नाव सुकदेव ठेवलं, आणि गावानं दोन-चार महिने कुजबुज करून सोडून दिलं. पेरणी-कापणीच्या दिवसांत कुणाला एवढी सवड असते? पण जांघेतला हा गोळा दहा वर्षं होता. उतरला की निजून वर सारायचा, घट्ट फडकं बांधायचं आणि कामाला लागायचं, असं दहा वर्षं. दुसऱ्यांची बोटं शिवायला आमच्याकडे आणायची आणि आपलं आतडं फडक्यानं बांधून दारात उभं राहायचं!

मी म्हटलं, "सुकाभाऊ, गड्यांना काय सांगता तुम्ही? दुखणं अंगावर काढू नये म्हणता ना? मग आता ऐका. तुमच्या अंगावरून चादर सरकेल तेव्हा त्या खोलीत डॉक्टर, कंपाउंडर आणि मी, एवढेच असू. चौथं माणूस डोकावलं तर मी त्याच्या डोळ्यात टिंक्चर घालेन. कानबाई देवीची शपथ." मग धोतरावरची मूठ सुटली.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी एकट्यानं तपासलं, काही वेडंवाकडं बोलले नाहीत. बाहेर आले तेव्हा मात्र त्यांचे डोळे लकाकत होते. "बाई, अशी केस जन्मात एखादीच मिळते. जन्मतः खूण स्पष्ट नसते, वयात आल्यावर उलगडतं. मी गावातल्या दोघा-तिघा डॉक्टरांना निरोप धाडतो, दहा मिनिटांत येतील. त्यांनीही बघायला हवं." मी त्यांच्यासमोर दारात आडवी उभी राहिले. नोकरी जाईल असं वाटलं, पण आता तोंड उघडलंच होतं. "साहेब, उद्या तुमच्या जांघेत गोळा आला तर मी गावात दवंडी पिटू का? माणूस आतडं अडकून पडलाय आणि तुम्ही आमंत्रणं काय काढताय!" डॉक्टर लाल झाले. क्षणभर वाटलं, आता मला फाटकाबाहेर काढतात. पण ते वरमले. "तुमचं बरोबर आहे," म्हणाले, "तयारी करा." त्या 'तुमचं बरोबर आहे'साठी मी त्यांचे शंभर अपराध पोटात घातले असते.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं, पण खिडकी अजून बाकी होती. भरतीचा कागद केल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, आणि त्यावर नातेवाइकाची निशाणी लागायची. तेवढ्यात तुळसामाय आली. मालधक्क्यापासून उन्हात पळत आलेली, पायात वहाणा नाहीत. व्हरांड्यातूनच तिनं हंबरडा फोडला, "यमुनी! मनी यमुनी! काय व्हयनं वं माय तुले!"

महाजन भाऊसाहेबांनी टाक खाली ठेवला. "यमुनी कोण?" त्यांनी विचारलं. "मी इथे सुकदेव, पुरुष, असं लिहिलंय."

म्हातारीनं तोंडावर हात मारून घेतला, पण शब्द गेला तो गेला. महाजनांपुढे दोन वह्या असायच्या, एक पुरुषांच्या वॉर्डाची, एक बायकांच्या. त्यांनी दोन्ही बंद केल्या. "आधी काय ते ठरवा. बाई असेल तर पुरुषांच्या वॉर्डात खाट देता येणार नाही. आणि बाईच्या कागदावर नवऱ्याची नाहीतर बापाची सही लागते." बाप मरून सात वर्षं झाली होती. बायकांच्या वॉर्डातली आया तिथंच होती, ती लगेच हात नाचवत म्हणाली, "अहो, मिशीवाल्याला मी बायकांत कसा घेऊ? बाळंतिणी आहेत माझ्याकडे!" म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही. आत एक माणूस ओकतोय, त्याचं आतडं दर मिनिटाला काळं पडतंय, आणि बाहेर खाट कुठली यावर घोडं अडलंय. मी महाजनांना वाटेल ते बोलले. ते थंडपणे म्हणाले, "सिस्टर, उद्या वरून तपासणी आली तर तुम्ही उत्तर देणार का?"

तेव्हा तुळसामाय उठली. पदरानं तोंड पुसलं, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि एकदम शांतपणे विचारलं, "भाऊसाहेब, तुम्हना घर कानबाई बसस का?"

महाजन गोंधळले. "बसते की. श्रावणात. आमच्या आजोबांपासून बसते."

"मंग रोटना गहू कसा काढतस?"

खानदेशाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करतात ते मोजून घेतलेल्या धान्याचे: घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू. पाळण्यातल्या मुलाचीही मूठ निघते. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेर घासही जात नाही. घराघराची रीत थोडी वेगळी असेल, पण या मुठींच्या बाबतीत कुणी चूक करत नाही. एक मूठ कमी झाली तर घरातल्या कुणाचं तरी वाईट होईल, आणि उगाच एक जास्त घातली तर देवीशी खोटं बोलल्यासारखं होईल, अशी धास्ती सगळ्यांना असते.

महाजन पुटपुटले, "घरात पुरुष असतील तितक्या मुठी."

"पंधरा साल व्हई ग्यात," म्हातारी म्हणाली. "दर सावनमा मी एन्हा नावनी सव्वा मूठ काढस. बठ्ठा भाऊबंदनी देखं, कोन्ही काही बोलनं नही. कानबाईले चालनं, नि तुम्हना वहीले चालत नही का?"

आयेनं हळूच गळ्यातल्या पोतीला हात लावला. महाजन भाऊसाहेबांनी मिटलेल्या दोन्ही वह्या पुढे ओढल्या. वरच्या तपासणीला उत्तर देता येतं. कानबाईला काय सांगणार? त्यांनी पुरुषांची वही उघडली, टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं. मग वही फिरवून मला दाखवली: सुकदेव, वय तीस, पुरुष, खाट अकरावी. नात्याच्या जागी 'आई' लिहून त्यांनी म्हातारीचा अंगठा स्वतः हातात धरून शाईत बुडवून कागदावर उठवला. "जा, माय," म्हणाले, "बस सावलीत. मी पाणी पाठवतो."

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराला मी दोन कड्या घातल्या आणि खिडक्यांच्या काचांवर ओल्या चादरी ताणल्या. आत आम्ही तिघं, कबूल केलं होतं तेवढेच. क्लोरोफॉर्मचं फडकं नाकाशी आणलं तेव्हा सुकाभाऊ म्हणाले, "मी धरीसन चार." डॉक्टर हसले, म्हणाले, "बरोबर, चारच." आतडं निळसर झालं होतं, काळं नव्हे. गरम पाण्याच्या कपड्यात धरलं तसा त्याचा रंग हळूहळू परत आला, आणि डॉक्टरांनी जो श्वास सोडला तो मला मुखपट्टीतूनही ऐकू आला. "वाचला," ते म्हणाले. चिमटा हातातून खाली पडला आणि मी पहिल्यांदा कुणालाही न ओरडता तो उचलला.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: 'अंतर्गळ, अडकलेला. शस्त्रक्रिया. बरा.' एवढंच. मी मुद्दाम वाचून बघितलं, एकही जास्तीचा शब्द नव्हता.

खाट अकराला मी लाकडी पडदा लावला. पहिले तीन दिवस ड्रेसिंग, भांडं, सगळं मीच केलं. चौथ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. "त्या दिवशी नवी नवरी म्हणाले, माझी जीभ झडो." तर म्हणाले, "झडू देऊ नको अक्का. तीच जीभ साहेबले बोलनी म्हनून मी वाचनू." आणि तुळसामाय? ती चार दिवस पायाशी बसून स्वतःला शिव्या घालत होती, माझ्या तोंडानं घात केला म्हणून. सुकाभाऊ तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माय घाबरनी का जुनं नाव येस तोंडमा. तिना काय दोष?" मग तिनं नाक शिंकरलं आणि मला म्हणाली, "बाई, एले भाकर कव्हय द्यानी?" तिची चिंता भाकरीवर आली तेव्हाच मी समजले की आता सगळं बरं आहे.

आठ दिवसांत वॉर्ड त्यांचा झाला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा औषध पीत नव्हता, त्याला त्यांनी कडू औषधाचे गुण अशा काही थाटात सांगितले की तो दुसऱ्याचीही बाटली मागायला लागला. शेठजींनी केळ्यांचे दोन घड पाठवले. ते सुकाभाऊंनी बघितले, नाक मुरडलं आणि "आखो दोन दिन थांबा" म्हणून खाटेखाली ठेवायला लावले. तिसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डानं केळी खाल्ली. महाजन भाऊसाहेबांनीही दोन खाल्ली, आणि बघा, सालं स्वतः उचलून टाकली.

पुढे एक गोष्ट हळूहळू सुरू झाली. कधी महिन्याने, कधी चार महिन्यांनी कुणीतरी दुपारी, गर्दी सरल्यावर यायचं आणि माझ्याशी एवढंच बोलायचं, "सुकाभाऊनी धाडेल शे." मी आणखी काही विचारत नसे. खोली रिकामी करायची, कडी घालायची आणि मगच डॉक्टरांना बोलवायचं. धुळ्याहून एकदा टाळ्या वाजवून ओवाळणी मागणाऱ्यांपैकी एक जण आली, चमेली नावाची. न्युमोनिया झालेला, आणि दोन दवाखान्यांच्या पायरीवरून हाकललेली. मी धास्तावून खिडकीकडे बघितलं. महाजन भाऊसाहेब चष्मा पुसत तिला विचारत होते, "तुम्हाला कुठल्या वॉर्डात बरं वाटेल?" तिला वाटलं थट्टा करतायत, ती रडायला लागली. मग आयेनं बायकांच्या वॉर्डातली भिंतीकडची खाट दिली. सगळ्यांनाच असं मिळालं म्हणून मी फुशारकी मारणार नाही. आमच्याकडेही कुणाकुणाला पुढचा डॉक्टर, पुढची आया वाईट बोलली, आणि ती माणसं परत आली नाहीत. त्यांचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. ती अजून मला आठवतात.

साठ साल उजाडायला आलं आणि माझी धुळ्याला बदली झाली. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. थंडीचे दिवस, दवाखाना खचाखच भरलेला. जुने डॉक्टर गेले होते, नवीन तरुण डॉक्टर महिन्यापूर्वीच आले होते. मी बाटल्या भरत होते. वर बघते तर रांगेत सुकाभाऊ. हातात स्वतःचा केसपेपर, पुढे सहा जण, मागे दहा जण. मला बघून मान हलवली आणि रांगेतच थांबले. म्हटलं, देवा, आता काय झालं असेल या माणसाला?

त्यांचा नंबर आला. नव्या डॉक्टरांनी मान वर न करता म्हटलं, "सदरा काढा." खोलीत बाकावर माणसं, दारात माणसं. सुकाभाऊंनी गुंड्या सोडल्या, सदरा काढून खांद्यावर टाकला आणि स्टुलावर बसले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा." सुकाभाऊंनी छाती भरभरून श्वास घेतला आणि सोडला.

मग ते माझ्याकडे बाटली घ्यायला आले. मी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय झालंय हो? खरं सांगा."

"खोकला शे, अक्का."

"आणि?"

"आनि काही नही. दोन दिनथून घसा खवखव करस. म्हटलं, दवाखाना शे ना, जाई येऊत."

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मी आयुष्यभर भरल्या. ती एक मात्र मला नीट भरता आली नाही. डोळ्यांना दिसतच नव्हतं, आणि निम्मं औषध माझ्या हातावर सांडलं.